शंभर गाण्यांची यादी

पेटीच्या क्लासला मूल घालताना पालक हमखास सांगतात, "आजोबा भजनी मंडळात होते, गाणं रक्तातच आहे हो!" असेल बापडं. मी त्यांना रोझॅन कॅशची गोष्ट सांगतो.

जॉनी कॅश हे अमेरिकेच्या कंट्री संगीतातलं बडं प्रस्थ. रोझॅन ही त्यांची थोरली लेक, जन्म १९५५, मेम्फिस. आईवडिलांचा संसार मोडला आणि ती कॅलिफोर्नियात आईजवळ वाढली, बीटल्स ऐकत. शाळा संपल्यावर १८व्या वर्षी ती वडिलांच्या दौऱ्यावर गेली. बसमध्ये गप्पा चालल्या होत्या. वडिलांनी एका गाण्याचं नाव घेतलं, हिला ठाऊक नाही. दुसरं घेतलं, तेही नाही. बाप हबकलाच! बसल्या बैठकीला त्यांनी कंट्रीतली १०० महत्त्वाची गाणी कागदावर उतरवली आणि लेकीच्या हातात ठेवली. हे आधी शीक, मग पुढचं. त्याच दौऱ्यात कार्ल पर्किन्स, मेबेल कार्टर असे दिग्गज तिला गिटार शिकवायला मिळाले. हा वारसा खराच. पण बोटं तिलाच झिजवावी लागली.

तरी ही यादी तिने लगेच वापरली नाही, आणि मला त्याचंच कौतुक वाटतं. ती स्वतःची गाणी लिहू लागली. नवऱ्याशी, रॉडनी क्रॉवेलशी, रेस्टॉरंटबाहेर झालेल्या भांडणातून 'सेव्हन इयर एक' सुचलं. १९८१ मध्ये ते कंट्रीच्या क्रमवारीत अव्वल ठरलं. पुढे १९८७ मध्ये तिने 'टेनेसी फ्लॅट टॉप बॉक्स' ध्वनिमुद्रित केलं, ते जुनं पारंपरिक गाणं आहे अशा समजुतीने. निघालं वडिलांनीच लिहिलेलं! आमच्याकडे एवढ्यावरून महिनाभर अबोला झाला असता.

१९९०चा 'इंटिरियर्स' मोडत्या लग्नाच्या सावलीतला, तिने स्वतः निर्मिलेला अल्बम. नॅशव्हिलच्या कंपनीवाल्यांना तो रुचला नाही, तेव्हा ती सरळ न्यूयॉर्कला निघून गेली. १९९८ मध्ये गरोदरपणात स्वरतंतूवर गाठ आली आणि दोनेक वर्षं गाणं बंद. गायिकेचं याहून वाईट काय व्हायचं? आवाज परतल्यावर २००३च्या अल्बममध्ये ती वडिलांबरोबर गायली. त्याच वर्षी सप्टेंबरात ते गेले.

यादी बाहेर आली ती २००९ मध्ये, 'द लिस्ट' या अल्बमात. १०० पैकी फक्त १२ गाणी. बाकीची तिने स्वतःपाशीच ठेवली. पुढच्या 'द रिव्हर अँड द थ्रेड'ला २०१५ मध्ये तीन ग्रॅमी मिळाले, तेही पहिल्या ग्रॅमीनंतर २९ वर्षांनी.

ऐकायचं असेल तर 'द लिस्ट'पासून सुरुवात करू नका. ती बापाची निवड आहे. आधी 'इंटिरियर्स' ऐका. ती रोझॅन आहे.