नाद खुळा... सिंथेसायझरचा!

सकाळी मोबाइलचा अलार्म, लोकलमध्ये शेजारच्याच्या हेडफोनमधून झिरपणारी धपधप, दुपारी टीव्हीवरची जिंगल, रात्री लाऊंजमध्ये डीजे... दिवसभरात आपल्या कानावर जे काही पडतं, त्यातला बराचसा आवाज एकही तार न छेडता आणि कुठल्याही चामड्यावर थाप न मारता तयार झालेला असतो. वीज आणि एखादं सर्किट, नाहीतर मग नुसतं सॉफ्टवेअर, बस्स! आवाजाच्या ह्या कारखान्याचं नाव सिंथेसायझर. दिवसभर एक्सेल शीट आणि क्लायंटचे मेल ह्यात बुडालेली बरीच मंडळी संध्याकाळी हेडफोन लावून ह्याच कारखान्यात शिफ्ट करतात. आणि नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : नॉबवालं खरंखुरं यंत्र घ्यायचं की लॅपटॉपवरच भागवायचं? त्यातून नुकताच बोनस जमा झालेला असेल तर हा प्रश्न झोप उडवतो राव!

उत्तराकडे वळण्याआधी एका मुंबईकराची गोष्ट ऐका. चरणजित सिंग हे हिंदी सिनेसंगीतातले सेशन म्युझिशियन. म्हणजे नाव संगीतकाराचं, चेहरा हिरोचा आणि हात ह्यांचे! गिटार, बेस, कीबोर्ड असं बरंच काही ते वाजवायचे. नव्या यंत्रांचं त्यांना भारी वेड. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी रोलँड ह्या जपानी कंपनीची तीन यंत्रं मिळवली. ज्युपिटर-८ हा दणकट कीबोर्ड, टीआर-८०८ हे ताल देणारं ड्रम मशीन आणि टीबी-३०३ नावाची बेस वाजवणारी चपटी चंदेरी डबी. १९८२ साली देशभर डिस्कोची लाट होती. सिंग ह्यांनी ह्या तीन यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात चक्क राग वाजवले. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी... मोजून दहा. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' असं सरळसोट नाव देऊन एचएमव्हीनं रेकॉर्ड बाजारात आणली. ती पडली. कोणी नावही काढलं नाही.

पुढची स्टोरी मात्र फिल्मी आहे. २००२ मध्ये एदो बाउमान नावाच्या डच संग्राहकाला दिल्लीतल्या एका दुकानात ही रेकॉर्ड सापडली. २०१० मध्ये त्यानं ती पुन्हा प्रकाशित केली आणि युरोप-अमेरिकेतले डान्स म्युझिकवाले खुर्चीतून उठलेच. कारण ह्या रेकॉर्डमध्ये जो वळवळणारा, चिरकणारा, पिळून काढल्यासारखा बेस आहे, तो म्हणजे अ‍ॅसिड हाऊस. आणि अ‍ॅसिड हाऊसचा जन्म सगळे शिकागोत धरतात, फ्यूचर ह्या ग्रुपच्या १९८७ च्या 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'पासून. मुंबईचा माणूस पाच वर्षं आधी तिथे पोचलेला! कोणीतरी थट्टेनं आत्ताच बनवून जुनी म्हणून खपवली असणार, अशीही शंका तेव्हा घेतली गेली. चरणजित सिंग सत्तरीत आपली यंत्रं घेऊन युरोपात स्टेजवर उभे राहिले, तेव्हा त्या शंकेचा निकाल लागला. २०१५ मध्ये मुंबईत ते गेले.

आता हे काही भविष्य बघून केलेलं काम नव्हतं, आणि हीच ह्यातली मजेची गोष्ट. रोलँडनं ३०३ बनवलं ते एकट्या गिटारवाल्यासाठी. बेस वाजवणारा मित्र आला नाही तर डबी साथ देईल, असा हिशेब. पण ती खऱ्या बेस गिटारसारखी अजिबात वाजेना आणि तिच्यात सूर भरणं म्हणजे शिक्षा. १९८४ मध्ये कंपनीनं उत्पादन बंद केलं. शिकागोतल्या पोरांना ती सेकंडहँड, स्वस्तात मिळाली. त्यांनी ती चालू ठेवून तिचे नॉब उलटसुलट पिळले आणि एक अख्खा संगीतप्रकार उभा राहिला. सिंग ह्यांना मात्र तिच्यात वेगळीच गोष्ट दिसली असावी. ह्या डबीत 'स्लाइड' नावाची सोय आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जायचं. आपण ह्याला काय म्हणतो? मींड! हार्मोनियमला जे कधी जमलं नाही ते ह्या प्लॅस्टिकच्या डबीला जमत होतं.

तसं आपल्याकडे हे वेड त्याहूनही जुनं. 'नागिन' (१९५४) मधली ती सुप्रसिद्ध बीन आठवते? ती बीन नव्हतीच. क्लाव्हिओलिन ह्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर ती कल्याणजींनी वाजवली होती, हार्मोनियमवर साथीला रवी. १९६९ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीत थेट मूग कंपनीचा मॉड्युलर सिंथेसायझर येऊन बसला. डेव्हिड ट्यूडर ह्या अमेरिकन संगीतकारानं तिथे स्टुडिओ लावून दिला आणि गीता साराभाई, अतुल देसाई अशा मंडळींनी त्यावर प्रयोग केले. त्या टेप कित्येक वर्षं संग्रहात पडून होत्या. २०२३ मध्ये त्यांचा अल्बम आला. आणि हो, घरात कोणी गाणं शिकत असेल तर कोपऱ्यातल्या त्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याकडे जरा आदरानं बघा. विजेवर सूर तयार करणारा तो तुमच्या घरातला पहिला डबा!

आत असतं तरी काय?

घाबरू नका, फिजिक्सचा तास घेत नाही. सर्वसाधारण सिंथेसायझर समजायला स्वयंपाकघर पुरतं. ऑसिलेटर म्हणजे कच्चा माल. तो एकसारखी लहर सोडतो. करवतीच्या दातासारखी 'सॉ' लहर सर्वात भरगच्च, कारण तिच्यात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे वरचे सूर असतात. चौकोनी लहरीत फक्त विषम पटीतले, म्हणून ती पोकळ, सनईच्या खानदानातल्या क्लॅरिनेटसारखी वाटते. फिल्टर ही चाळणी. 'कटऑफ' नॉब फिरवला की चाळणीची भोकं लहानमोठी होतात. आवाज बंद दाराआडून आल्यासारखा होतो किंवा एकदम अंगावर येतो. 'रेझोनन्स' वाढवला की चाळणीच्या काठावरचा सूर शिट्टी मारायला लागतो. ३०३ चं ते रडणं-ओरडणं म्हणतात ते हेच. मग एन्व्हलप. सूर दाबल्यावर आवाज किती वेळात चढेल, किती वेळात उतरेल, हे तो ठरवतो. सतारीचा टणत्कार आणि सारंगीची हळूहळू फुलणारी ओढ ह्यातला निम्मा फरक इथेच आहे. शेवटी एलएफओ, म्हणजे अतिशय संथ लहर. ती कानाला ऐकू येत नाही. दुसऱ्या नॉबला धरून हलवत बसायचं, एवढंच तिचं काम.

ह्या चार गोष्टी समजल्या की १९७० च्या मिनीमूगपासून आजच्या फोनमधल्या अ‍ॅपपर्यंत बहुतेक सगळं ओळखीचं वाटतं. अपवाद आहेत. यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स-७ नं एका लहरीनं दुसरीला हलवण्याचं एफएम तंत्र आणलं. काचेसारखे, घंटेसारखे आवाज त्यातूनच आले. ऐंशीच्या दशकातल्या गाण्यातला इलेक्ट्रिक पियानो डोळे मिटून आठवा, तो बहुधा हाच. पण डीएक्स-७ च्या मेन्यूत शिरणं म्हणजे सरकारी फॉर्म भरणं. सुरुवात तिथून करू नका.

नॉब की माऊस?

हार्डवेअरवाल्यांचा युक्तिवाद साधा आहे : हात. दिवसभर माऊस धरून बसलेल्या माणसाला संध्याकाळी पुन्हा माऊसच? खऱ्या यंत्रावर एका हातानं कटऑफ आणि दुसऱ्या हातानं डीके फिरवता येतं, दोन्ही एकदम, कानानं. माऊस एका वेळी एकच नॉब धरतो. शिवाय यंत्राला मर्यादा असतात आणि त्या उपकारक ठरतात. कॉर्गच्या व्होल्का मालिकेतली (२०१३ पासून) चिमुकली यंत्रं बघा. बॅटरीवर चालतात, स्पीकर आतच, फार काही करत नाहीत आणि नेमकं त्यामुळेच तासाभरात काहीतरी वाजायला लागतं. जुनं ३०३ मात्र आता लाखांच्या भाषेत बोलतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. बेहरिंगरनं २०१९ मध्ये त्याची टीडी-३ नावाची स्वस्त नक्कल काढली. रोलँडनं स्वतः २०१६ मध्ये टीबी-०३ आणलं, पण ते आतून डिजिटल. शुद्धतावादी नाकं मुरडतात. गाण्यात मिसळल्यावर किती जणांना फरक कळतो, हा वेगळा विषय.

तोटे? जागा. केबल. अ‍ॅडॉप्टर. वन बीएचकेमध्ये टेबलाखालचं ते वायरींचं जाळं बघून घरच्यांचा संयम सुटतो. मुंबईच्या दमट हवेत नॉब कुरकुरायला लागतात. जुनं अ‍ॅनालॉग यंत्र गरम होईपर्यंत सुरात येत नाही, तानपुऱ्यासारखं लावत बसावं लागतं. आणि सर्वात मोठा धोका म्हणजे खरेदीचंच व्यसन. एक घेतलं की दुसरं खुणावतं, ईएमआय वाढतो आणि गाणं मात्र एकही पूर्ण होत नाही! धोबी तलावला वाद्यांच्या दुकानात जरूर जा, तासभर नॉब फिरवा. क्रेडिट कार्ड मात्र पहिल्या खेपेला घरी ठेवा.

सॉफ्टवेअरची गंमत १९९६ च्या सुमाराला सुरू झाली. स्टाइनबर्गनं व्हीएसटी नावाचा प्लगइनचा साचा आणला आणि १९९९ मध्ये त्यात अख्खी वाद्यं बसायला लागली. १९९७ मध्ये स्वीडनच्या प्रॉपेलरहेडचं रीबर्थ आलं. दोन ३०३ आणि ड्रम मशीन, सगळं स्क्रीनवर! त्याचीच गोष्ट सॉफ्टवेअरचा कच्चा दुवाही दाखवते. २००५ मध्ये कंपनीनं रीबर्थ बंद केलं, नंतर आयपॅडवर आणलं आणि २०१७ मध्ये रोलँडनं हक्क सांगितल्यावर तेही मागे घेतलं. चरणजित सिंग ह्यांची डबी तीस वर्षांनीही स्टेजवर वाजली. तुमचं प्लगइन तीन ऑपरेटिंग सिस्टिमनंतर उघडेल का, हे कंपनीच्या मर्जीवर.

तरीही आमचं मत विचाराल तर सुरुवात लॅपटॉपवरूनच करा. कारण पैसा. एकेकाळी कॉलेजातल्या प्रत्येकाकडे फ्रूटी लूप्सची क्रॅक सीडी असायची. आज चोरी करायची गरजच उरलेली नाही. सर्ज एक्सटी हा दमदार सिंथ पूर्ण मोफत आणि ओपन सोर्स आहे. व्हायटलची (२०२०) मोफत आवृत्ती शिकण्यासाठी उत्तम, कारण प्रत्येक लहर समोर हलताना दिसते. डीएक्स-७ चाखायचा तर डेक्स्ड आहे. मॅक किंवा आयफोन असेल तर गॅरेजबँड त्यात मोफत मिळतोच. आणि सर्ज, व्हायटल ह्या दोन्हींत सुरांची स्वतःची पट्टी भरता येते. पियानोच्या बारा घरांत न बसणारा तोडीचा अतिकोमल गंधार लावून बघायची सोय १९८२ मध्ये सिंग ह्यांच्याकडे नव्हती. तुमच्याकडे आहे. (ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र काही टाकू नका. आयटीवाले गाणी ऐकत नाहीत, लॉग ऐकतात.)

एक अडचण नक्की येणार. पट्टी दाबली आणि आवाज उशिरा आला, असं वाटेल. दोष तुमचा नाही, बफरचा. ४४.१ किलोहर्ट्झवर बफर १०२४ असेल तर फक्त त्यामुळेच आवाजाला सुमारे २३ मिलिसेकंद उशीर होतो, बोटांना तो जाणवतो. २५६ वर आणा, तोच उशीर सहा मिलिसेकंदांच्या आत येईल. विंडोजवर असाल तर एएसआयओ ड्रायव्हर टाका. पहिला खर्च करायचाच असेल तर तो आठ-दहा नॉब असलेल्या छोट्या मिडी कीबोर्डवर करा. अशा अनेक कीबोर्डबरोबर एबलटन लाइव्हची लाइट आवृत्ती फुकट येते. हातांची भूक तिथे बऱ्यापैकी भागते. सहा महिन्यांनी एखादा विशिष्ट आवाज पुन्हा पुन्हा शोधताय असं लक्षात आलं, तर तो आवाज देणारं एक यंत्र घ्या. एकच!

तर ह्या वीकेंडसाठी होमवर्क. सर्ज उघडा, एकच ऑसिलेटर ठेवा, सॉ लहर. मोड मोनो करा, म्हणजे एका वेळी एकच सूर. ग्लाइड साधारण ६० मिलिसेकंद. लो-पास फिल्टर, रेझोनन्स पाऊण भागापर्यंत, फिल्टरच्या एन्व्हलपला डीके छोटा आणि सस्टेन शून्य. टेम्पो १२५. पांढरी एक हा सा धरा. भैरवाला लागतात फक्त दोन काळ्या पट्ट्या, कोमल रेसाठी काळी एक आणि कोमल धसाठी काळी चार. बाकी सगळं पांढऱ्यावर. सोळा घरांचा एक तुकडा बनवा, दोन-तीन घरं रिकामी सोडा. काही सूर पुढच्या सुरावर थोडे चढवून ठेवा, तिथे मींड आपोआप लागेल. तुकडा फिरता ठेवा आणि कटऑफ अगदी बंद करून एका मिनिटात, सावकाश, पूर्ण उघडा. हेडफोन लावून बरं का! रात्री अकरा वाजता सकाळचा राग, तोही डिस्कोत, हे शेजारच्या आजोबांना समजावून सांगत बसावं लागेल.