बाँडवर सही केली म्हणजे नेमकं काय केलं?

चाकणपासून हिंजवडीपर्यंत, नव्या मुलाला नोकरीवर घेताना सहीसाठी पुढे येणाऱ्या कागदांत बाँडचं पान बऱ्याचदा असतं. अमुक वर्षं नोकरी सोडणार नाही, सोडली तर तमुक लाख भरीन. या पानाबद्दल दोन टोकाच्या समजुती चालतात. बाँड कोर्टात टिकतच नाही, ही एक. तो मोडला तर पोलीस दारात येतात, ही दुसरी. दोन्ही चूक.

पोलिसांचं आधी सांगून टाकू. करार मोडणं हा दिवाणी मामला. मालक भरपाईचा दावा लावू शकतो, तुरुंगात धाडू शकत नाही. सोडून गेलेल्या माणसाला कोर्ट पुन्हा त्याच खुर्चीत आणून बसवतही नाही.

पण ‘टिकत नाही’ म्हणणाऱ्यांनी विजया बँकेचं प्रकरण पाहावं. तीन वर्षांच्या आत सोडल्यास 2 लाख रुपये, ही अट भरतीच्या जाहिरातीतच होती. एका अधिकाऱ्याने 2009 मध्ये राजीनामा देऊन दुसरी बँक गाठली, पैसे भरले आणि मग अटीलाच आव्हान दिलं. कर्नाटक उच्च न्यायालयात तो जिंकला, पण मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या बाजूने निकाल दिला. सरकारी बँकेला ओळखीतून माणूस घेता येत नाही. जागा रिकामी झाली की पुन्हा जाहिरात, पुन्हा खुली स्पर्धा, पुन्हा खर्च. त्या मानाने रक्कम अवाजवी नाही, असं न्यायालयाला वाटलं.

हा निकाल आता प्रत्येक एचआर खिशात घेऊन फिरणार, हे उघड आहे. पण त्याची मर्यादा 1872 च्या करार कायद्यातच आहे. कलम 74 प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही भरपाईची कमाल मर्यादा. त्याच्या आत वाजवी किती, ते कोर्ट ठरवतं. तीन दिवस स्लाइड दाखवून तीन लाखांचा ‘ट्रेनिंग खर्च’ लावणाऱ्या कंपनीला तो आकडा पटवून देणं जड जाईल.

तिसरा समज जास्त भीती घालतो: सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जाता येत नाही. इथे कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनचा 1967 चा निकाल पुढे केला जातो. टायरच्या धाग्याचं परदेशी तंत्र शिकवलेला शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून कोट्याच्या रेयॉन कंपनीत गेला, आणि त्याला तिथे काम करण्यापासून रोखलं गेलं. गोष्ट खरी आहे, फक्त अर्धी सांगतात. मनाई होती ती कराराची उरलेली मुदत संपेपर्यंत आणि तशाच कामापुरती. मुदतीनंतरच्या बंदीचं उत्तर 2006 मध्ये क्रिकेटपटू झहीर खानच्या खटल्यात मिळालं. तो करार नोकरीचा नव्हता, जाहिराती मिळवून देणाऱ्या कंपनीशी होता. पण करार संपल्यावरही माणसाला बांधून ठेवणारी अट कलम 27 खाली रद्दबातल ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितलं. कंपनीची गुपितं मात्र सोबत न्यायची नसतात. ती वेगळी बाब.

मूळ गुणपत्रिका ‘तपासणीसाठी’ घेऊन कपाटात ठेवण्याची पद्धतही काही ठिकाणी आहे. प्रती द्याव्यात, मूळ कागद दाखवून परत घ्यावेत. ते अडकवून ठेवण्याचा हक्क खासगी मालकाला कुठल्या कायद्याने दिलेला नाही.

छोटे कारखानदार यावर विचारतात, मग आम्ही शिकवायचं आणि पोरांनी पळायचं? शिकवण्याचा सगळा भार त्यांच्यावर नाही. शिकाऊ उमेदवार म्हणजे मोठ्या कंपन्यांचं प्रकरण, हाही एक गैरसमजच. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. त्याहून लहान कारखान्यांनाही ते घेण्याची मुभा आहे, आणि विद्यावेतनातला काही वाटा केंद्र सरकार उचलतं. करारात तसं लिहिलेलं नसेल, तर मुदत संपल्यावर मालकाने नोकरी दिलीच पाहिजे असं नाही, आणि मुलाने ती घेतलीच पाहिजे असंही नाही.