इलॅस्टिक कोण, पोलाद की रबर?

मी अकरावीत असतानाची ही गोष्ट. दहावीपर्यंत माझे सारे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले. विज्ञानात गुण चांगले, त्यामुळे कॉलेजात पाऊल टाकताना इंग्रजीची धास्ती होती, पण विज्ञानाची मुळीच नव्हती. पहिल्याच तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारले, "विच इज मोअर इलॅस्टिक, स्टील ऑर रबर?" मला हसूच आले. इलॅस्टिक म्हणजे काय हे सांगायला का कॉलेजात यावे लागते? चड्डीला असते ते! मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "रबर, सर." परीक्षकांनी कागदावर शून्य काढले आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

उत्तर होते पोलाद. भौतिकीत 'इलॅस्टिक' म्हणजे स्थितिस्थापक. बल काढून घेताच जो पदार्थ आपला मूळ आकार पुन्हा धारण करतो तो स्थितिस्थापक. आणि आकार बदलू देण्यास तो जितका अधिक विरोध करील तितका तो अधिक स्थितिस्थापक, असे आपली पाठ्यपुस्तके मानतात. पोलादाचा यंग गुणांक सुमारे २०० गिगापास्कल असतो. साध्या रबराचा याच्या हजाराव्या हिश्श्याएवढाही नसतो. मौज अशी की स्थितिस्थापकतेची व्याख्या मला तोंडपाठ होती. अडले ते एका विशेषणापाशी.

आता मी स्वतः पदार्थविज्ञान शिकवतो, आणि दरवर्षी माझ्या वर्गात असे चार-दोन विद्यार्थी हमखास भेटतात. त्यांना वस्तू ठाऊक असते, गुणधर्म ठाऊक असतो. पण 'हार्ड', 'टफ', 'स्टिफ', 'स्ट्राँग' ही चारही विशेषणे त्यांच्या लेखी एकच असतात. मग गणिते चुकतात, आणि दिवाळीच्या सुमारास ही मुले सांगू लागतात, "सर, मला फिजिक्स झेपत नाही." त्यातली काही शाखाही बदलतात. फिजिक्सचा यात काडीचाही दोष नसतो.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे आमच्या शेजारची नववीतली मुलगी. परवा ती इंग्रजी विशेषणांची यादी पाठ करत बसली होती. 'बिग, बिगर, बिगेस्ट. हार्ड, हार्डर, हार्डेस्ट' असा घोष चालला होता. मी विचारले, "काच हार्ड आहे की नाही?"

"नाही काका. पडली की फुटते ना!"

मी जुनी बाटली आणि एक लोखंडी खिळा आणला. खिळ्याने काचेवर ओरखडा काढून दाखव म्हटले. तिने बराच खटाटोप केला, पण काच काही दाद देईना. म्हणजे काच 'हार्ड' आहे, कठीण आहे. मात्र ती 'टफ' नाही, चिवट नाही. ती 'ब्रिटल' म्हणजे ठिसूळ आहे. रबराचे नेमके उलटे. हिरा तर सर्वांत कठीण, पण हातोड्याचा घाव बसला तर त्याचेही तुकडे होतात. (आपल्या मराठीत 'कठीण प्रश्न' आणि 'कठीण दगड' दोन्ही चालतात. इंग्रजीत 'हार्ड'चेही तसेच आहे. या एका बाबतीत दोन्ही भाषांचे सूत बरे जमले आहे!)

तेव्हा आम्ही ठरवले की यादी बाजूला ठेवायची आणि इंटरनेटवर चमत्कारिक शोधांची माहिती वाचायची. त्यात भेटेल ते प्रत्येक विशेषण वहीत टिपायचे आणि त्याला विचारायचे, "तू कशाच्या तुलनेत? आणि कोणत्या वेळी?"

पहिला मान मिळाला पिवळ्या चिकटचिठ्ठीला. अमेरिकेतील थ्री-एम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर नावाचे रसायनशास्त्रज्ञ १९६८ मध्ये 'स्ट्राँग' गोंद शोधत होते. हाती लागला तो 'वीक'. कागदाला चिकटायचा, पण ओढला की सहज सुटायचा. अशा गोंदाचे करायचे काय, हे कित्येक वर्षे कोणालाच सुचेना. १९७४ मध्ये त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना ते सुचले. चर्चमध्ये गाताना त्यांच्या भजनाच्या पुस्तकातील खुणेचे कागद सारखे गळून पडत. खूण टिकून राहावी, पण काढताना पान फाटू नये, असे काहीतरी त्यांना हवे होते. १९८० मध्ये 'पोस्ट-इट' अमेरिकेच्या बाजारात आले.

सिल्व्हर यांचे १९७२ चे पेटंट गूगल पेटंट्सवर कोणालाही फुकट वाचता येते. आम्ही ते उघडले. भाषा वकिली आहे आणि पाने कंटाळवाणी आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. पण त्यात या पदार्थाचे वर्णन करणारी विशेषणे पाहा: 'टॅकी' म्हणजे चिकट, 'इलॅस्टोमेरिक' म्हणजे रबरासारखा, 'सॉल्व्हंट-इन्सॉल्युबल' म्हणजे द्रावकात न विरघळणारा. या माळेत 'वीक' कुठेच नाही. दुबळेपणा गोंदात नव्हताच. तो होता विमानाचे भाग जोडणाऱ्या गोंदाशी केलेल्या तुलनेत. सूक्ष्म गोळ्यांच्या रूपातील हा पदार्थ कागदाला थोड्याथोड्या ठिकाणीच स्पर्श करतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा लावता आणि काढता येतो.

दुसरी गोष्ट स्टेफनी क्वोलेक या शास्त्रज्ञ बाईंची. १९६५ च्या सुमारास ड्युपाँट कंपनीत त्या टायरसाठी हलका आणि बळकट धागा शोधत होत्या. बहुवारिकाचे द्रावण साधारणपणे काकवीसारखे दाट आणि स्वच्छ असते. यांचे द्रावण मात्र 'थिन' आणि 'क्लाउडी' निघाले. म्हणजे पातळ आणि गढूळ. अगदी ताकासारखे म्हणा ना! गढूळ म्हणजे त्यात न विरघळलेले कण असणार आणि धागा काढण्याच्या यंत्राची बारीक छिद्रे तुंबणार, या भीतीने यंत्र चालवणारा सहकारी ते घ्यायलाच तयार नव्हता. बाईंनी आग्रह धरला आणि त्यातून जो धागा निघाला त्यातूनच पुढे 'केव्हलार' हा धागा घडला. वजनास वजन धरले तर तो पोलादाच्या पाचपट बळकट ठरतो. गोळी अडवणाऱ्या जाकिटांत तो वापरतात. गढूळपणाचे कारण कण नव्हते. त्या द्रावणातील काठीसारखे ताठ रेणू रांगा धरून उभे होते, म्हणजे तो द्रव स्फटिक होता. यंत्रचालकाचे 'क्लाउडी' हे विशेषण बरोबरच होते, चुकला तो त्यापुढचा तर्क.

माझ्या शिष्येला मात्र सर्वांत आवडला तो 'सिली पुटी' नावाचा लगदा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला रबराचा तुटवडा भासू लागला, तेव्हा जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील जेम्स राइट यांनी १९४३ मध्ये सिलिकोन तेलात बोरिक आम्ल मिसळून पाहिले. रबराला पर्याय काही मिळाला नाही, पण जे मिळाले ते अजब होते. गोळी करून जमिनीवर टाकली की ती चेंडूसारखी उसळते. हळू ओढली तर तार निघते, झटका दिला तर कडकन तुटते. आणि रात्रभर टेबलावर ठेवली तर सकाळी तिचे थारोळे झालेले असते! पुढे १९५० मध्ये प्लॅस्टिकच्या अंड्यात भरून ती खेळणे म्हणून विकली जाऊ लागली.

"मग ती सॉलिड की लिक्विड?" आमच्या बाईसाहेबांनी पेन्सिल सरसावून विचारले.

याचे उत्तर घड्याळात आहे. या पदार्थातील लांब रेणू बोरॉनच्या दुव्यांनी एकमेकांशी जोडलेले असतात, आणि हे दुवे सतत तुटत-जुळत असतात. तुम्ही झटक्याने बल लावले तर दुवे सुटायला वेळच मिळत नाही. मग पदार्थ घन असल्यासारखा वागतो. बल सावकाश लावले तर दुवे सुटतात, नवे जुळतात आणि पदार्थ वाहू लागतो. मार्कुस राइनर या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये यासाठी एक अंक सुचवला. पदार्थाला सैल व्हायला लागणाऱ्या काळाला आपल्या निरीक्षणाच्या काळाने भागायचे. भागाकार मोठा आला तर पदार्थ घनासारखा, लहान आला तर द्रवासारखा. याला 'डेबोरा अंक' म्हणतात.

याचेच भव्य उदाहरण ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात आहे. तेथे १९२७ मध्ये टॉमस पार्नेल यांनी एका नरसाळ्यात काळी कुळकुळीत डांबरी राळ भरली. हातोडा मारला तर या राळेच्या ठिकऱ्या उडतात, म्हणजे ती 'ब्रिटल' आहे. पण १९३० मध्ये नरसाळ्याचे तोंड कापून मोकळे केल्यापासून ती थेंबाथेंबाने गळतेही आहे! २०१४ पर्यंत फक्त नऊ थेंब पडले. हा प्रयोग इंटरनेटवर कॅमेऱ्यातून पाहता येतो. आम्ही दहा मिनिटे टक लावून पाहिला. अर्थातच काहीही घडले नाही.

सिली पुटी आपल्याकडे सहज मिळेलच असे नाही, पण तिची एक दूरची बहीण तुमच्या स्वयंपाकघरात आहे. दुकानात 'कॉर्नफ्लॉअर' म्हणून मिळणारी पांढरी पूड घ्या. मक्याचे पिवळे पीठ नव्हे. एक वाटी पाण्यात ती थोडी थोडी कालवत जा. साधारण दोन वाट्या पडल्या की दाट खीर होईल. तिच्यात बोट सावकाश बुडवा, ते आत जाईल. आता जोराने बुक्की मारा! कारण येथे थोडे वेगळे आहे. झटक्यासरशी पुडीचे कण एकमेकांत अडकून बसतात, त्यांच्यामधून पाण्याला सरकायला सवड मिळत नाही. खेळून झाल्यावर हे मिश्रण मोरीत मात्र ओतू नका. आमची मोरी तुंबली आणि मला घरात बरेच ऐकून घ्यावे लागले.

जाता जाता एक जपानी गंमत. केंजी कावाकामी या गृहस्थांनी 'चिंदोगू' नावाचा प्रकार प्रसिद्ध केला. ही अशी यंत्रे की जी एखादी अडचण खरोखर सोडवतात, पण वापरायला गेले तर लाजच वाटावी. शेवया निववण्यासाठी चॉपस्टिकला बसवलेला चिमुकला पंखा, किंवा रांगणाऱ्या बाळाच्या कपड्यांना शिवलेली फरशी पुसायची झालर! यांचे पेटंट घ्यायचे नाही असा नियमच आहे. यांना इंग्रजीत 'युजफुल' म्हणता येईना आणि 'युजलेस'ही म्हणता येईना. म्हणून 'अनयुजलेस' असे नवेच विशेषण घडवावे लागले. आमच्या वहीत त्याच्यापुढे मराठी शब्द पडला आहे, 'अनिरुपयोगी'. हा कोणत्याही शब्दकोशात सापडणार नाही.

वहीची अशी सात पाने भरली तेव्हा मी तिला माझा जुना प्रश्न घातला, अगदी त्या परीक्षकांच्याच सुरात. "विच इज मोअर इलॅस्टिक, स्टील ऑर रबर?"

ती उत्तर देण्यापूर्वी थांबली. मग म्हणाली, "काका, इलॅस्टिक म्हणजे जास्त ताणलं जाणारं, की नीट परत मूळ आकारात येणारं?"

मी उठलो आणि कपाटातून पोलादाची तार व सायकलच्या ट्यूबचा तुकडा काढला.