नाताळचे गोल तोरण

‘नाताळ कधी येणार?’ मुलांच्या या रोजच्या प्रश्नाला हॅम्बुर्गच्या योहान विशर्न या पाद्रींनी १८३९ मध्ये छान उत्तर शोधले. आश्रमातील गरीब मुलांसाठी त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारसाठी ४ मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांसाठी लहान तांबड्या. रोज एक जास्त पेटवायची आणि दिवस मोजायचे! पुढे घरोघरी आले ते ४ मेणबत्त्यांचे हिरवे रीथ.

रीथ म्हणजे गोल तोरणच. तोरण हा शब्द तर आपल्या मराठीत आणि कन्नडमध्येही एकच! जाड तारेचे कडे करा. सुरूच्या डहाळ्यांच्या लहान जुड्या एकाच दिशेने बांधत जा. आधीच्या जुडीचे देठ पुढच्या जुडीने झाकावेत.

दारासाठी तांबडी रिबन व सुरूची वाळलेली फळे शोभतात. स्वयंपाकघरात संत्र्याच्या वाळवलेल्या चकत्या आणि दालचिनी लावा, सुवास दरवळेल. टेबलावर ४ मेणबत्त्यांचे रीथ ठेवा, दर रविवारी एक जास्त पेटवा. मात्र डहाळ्या वाळल्या की बदला आणि पेटती मेणबत्ती सोडून उठू नका.

बाजारात तयार रीथ मिळते. पण जुड्या बांधायला मुलांना सोबत घेतले, तर सणाची वाट पाहणे हाही त्यांच्यासाठी सणच होतो.