पाने भरपूर, फूल एकही नाही. गुलाब का रुसतो?

छावणीतल्या जुन्या बंगल्यांच्या आवारात गुलाबाचे एखादे तरी झाड हमखास दिसते. रोपवाटिकेतून आणले तेव्हा त्यावर टपोरे लाल फूल होते. दोन-तीन वर्षांत झाड कमरेच्या वर गेले, पाला हिरवागार झाला. पण कळी काही धरत नाही. मग कुणी शेणखत सुचवते, कुणी अंड्याची टरफले, तर कुणी चहाचा चोथा. ज्या शहरात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, तिथे रोज बादलीभर पाणीही त्या झाडाला जाते आणि बदल्यात मिळतात फक्त पाने.

गुलाब न फुलण्याचे कारण बहुतेक वेळा उपासमार नसते. त्यामुळे खत वाढवण्याआधी चार गोष्टी तपासणे गरजेचे आहे.

झाड तेच आहे का?

रोपवाटिकेतला गुलाब म्हणजे दोन झाडांचा जोड. खाली चिवट रानगुलाबाचा खुंट आणि त्यावर भरलेला चांगल्या जातीचा डोळा. बहुतेक रानगुलाब वर्षातून एकदाच फुलतात, कारण फुलोऱ्याला लगाम घालणारे एक जनुक त्यांच्यात काम करत असते. चीनमधल्या जुन्या बागायती गुलाबांत या जनुकात बदल झाला, लगाम सैल झाला आणि झाड पुन्हा पुन्हा फुलू लागले. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे गुलाब युरोपात पोचले. पुढच्या संकरांतून ‘हायब्रीड टी’ गुलाब आले. १८६७ मधला ‘ला फ्रान्स’ हा त्यांतला पहिला मानला जातो. या लगामामागचे जनुक नेमके कोणते, हे शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवून दिले.

आपल्या अंगणात अडचण होते ती इथेच. उन्हाने किंवा चुकीच्या छाटणीने वरची जात अशक्त झाली, की खुंटाला फुटवे येतात. ते जोमाने वाढतात आणि सगळे अन्न ओढून घेतात. मल्टिफ्लोरासारखा खुंट वर्षातून एकदाच आणि तोही जुन्या फांदीवर फुलतो. ती फांदीही छाटली, तर फूल दिसणारच कसे?

‘पानात सात पर्णिका म्हणजे रानटी’ हा ठोकताळा खात्रीचा नाही, कारण अनेक चांगल्या जातींनाही सात पर्णिका असतात. त्याऐवजी बुंध्याजवळची माती बाजूला करून जोडाची गाठ शोधा. गाठीच्या खालून निघालेली फांदी खुंटाची. ती वरून कापल्यास पुन्हा फुटते. म्हणून खाली ओढून मुळापासून काढावी. गाठीच्या वर काहीच जिवंत नसेल, तर नवे रोप आणणेच शहाणपणाचे.

ऊन किती मिळते?

गुलाबाला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन हवे. रोप लावले तेव्हा शेजारचा कडुनिंब लहान असतो. काही वर्षांत त्याची सावली अर्ध्या अंगणावर पडते. ऊन कमी पडले, की फांदीच्या टोकाशी तयार होऊ लागलेली कळी तिथेच जिरते आणि फांदी नुसतीच वांझ वाढते. कुंडी असेल तर ती सकाळच्या उन्हात हलवावी. जमिनीतल्या झाडासाठी वरच्या फांद्या विरळ कराव्यात.

माती आणि पाणी

मराठवाड्याची काळी माती चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी असते. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे त्याचे लक्षण. अंड्याची टरफले म्हणजे चुनाच, राखही अल्कधर्मी. या मातीत दोन्हींची भर नको. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाचवावेसे वाटते, पण त्यात क्षार साठलेले असतात. बोअरचे पाणी जड असेल तर ते कुंडीला घालूच नये. कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत उपयोगी पडते. लोहासाठी चिलेटेड लोह मिळते. युरियासारख्या नत्रखताने मात्र पालाच माजतो.

छाटणी केव्हा?

आपल्याकडे मुख्य छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये करतात. वाळलेल्या, बारीक आणि आत वळलेल्या फांद्या काढून जोमदार फांद्या बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडे वर कापाव्यात. त्यानंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांत फुले येतात. सुकलेली फुले झाडावर ठेवली, तर झाड फळ आणि बी धरण्यात गुंतते; ती वेळीच खुडावीत. मे महिन्याच्या चाळीस अंशांत फुले लहान येतात किंवा येत नाहीत. त्यावरून झाडाची पारख करू नये.

फवारणी आणि गुलकंद

कळ्या येतात, पण कडा तपकिरी होऊन उमलत नाहीत, अशा वेळी फुलकिड्यांची शंका घ्यावी. कळी पांढऱ्या कागदावर झटकली, की बारीक लांबट किडे दिसतात. अशा कळ्या तोडून नष्ट कराव्यात आणि झाडावर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. पाठोपाठ कीटकनाशक मारण्याची घाई नको. काही कीटकनाशके झाडाच्या रसात मिसळून पाकळ्यांपर्यंत पोचतात. नुसत्या धुण्याने ती जात नाहीत. अशा फुलांचा गुलकंद घरात, विशेषतः मुलांना, देऊ नये. हारवाल्याकडची फुलेही खाण्यासाठी पिकवलेली नसतात. काटा खोल रुतला तर जखम साबणाने धुवावी आणि धनुर्वाताची लस कधी घेतली होती, हे आठवून पाहावे.

सगळे उपाय एकदम केले, तर नेमके कशाने फरक पडला ते कळत नाही. आधी गाठ पाहा, मग ऊन मोजा, नंतर माती आणि पाण्याकडे वळा. ऑक्टोबरची छाटणी साधली, की दोन महिने वाट पाहा. तोवर युरियाचा डबा बंदच राहू द्या.