ॲबटसाहेबांची दुसरी कामगिरी

खोपोलीहून पालीच्या रस्त्याला लागले, की डाव्या हाताला सह्याद्रीची भिंत सोबत चालू लागते. खालापूरची हद्द संपून सुधागड तालुका सुरू होतो, तरी ती भिंत सुटत नाही. तिच्याच पोटात ठाणाळे आणि खडसांबळे ही दोन प्राचीन बौद्ध लेणी आहेत. ठाणाळ्यात 23 गुंफा आहेत. त्यांत एक चैत्यगृह, स्मारकस्तूपांचा एक गट आणि बाकीचे बहुतेक भिक्षूंचे निवास. खडसांबळ्यात 37 गुंफा आहेत. कातकरी, ठाकर आणि गुराखी यांना त्या कायमच ठाऊक असणार. विद्वानांच्या जगाला मात्र त्यांचा पत्ता लागला तो 1890च्या सुमारास, आणि तो सांगितला एका अमेरिकन पाद्र्याने. त्याचे नाव रेव्हरंड जस्टिन एडवर्ड्स ॲबट.

शेजारच्या कर्जत तालुक्यातल्या कोंडाणे लेण्यांची नोंद त्याआधी काही दशके विष्णुशास्त्री आणि ठाण्याचे कलेक्टर लॉ यांच्यामुळे झाली होती. कोंडाणे बोरघाटाच्या वाटेजवळ, राजमाचीच्या पायथ्याशी आहे. 1856 साली रेल्वे पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली, 1863 साली घाट चढली आणि तो टापू सगळ्यांच्या नजरेत आला. ठाणाळे-खडसांबळ्याचा, म्हणजे नाडसूर-नेणवलीचा, भाग तेव्हा भोर संस्थानात होता. एका बाजूला पडलेला, रानाने वेढलेला. ॲबटनी 1891च्या ‘इंडियन अँटिक्वरी’त या लेण्यांवर लिहिले. त्याच वर्षी पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध झाला. आज आपण या गुंफांविषयी जे वाचतो, त्याची सुरुवात या दोन लेखांपासून होते.

ॲबट यांचा जन्म 1853चा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधला. वडील अमोस ॲबट हे अमेरिकन मराठी मिशनचे, नगर जिल्ह्यात काम केलेले. महाराष्ट्र मुलाच्या वाट्याला घरातूनच आला. डार्टमथ कॉलेजातून 1876 साली पदवी घेऊन, पुढे धर्मशास्त्र शिकून जस्टिन 1881 साली स्वतः मिशनरी म्हणून आले आणि 1910पर्यंत मुख्यतः मुंबईत राहिले. उपदेश, शाळा, मंडळीची देखभाल ही नेमून दिलेली कामे होतीच. पण या माणसाला आणखी एक खोड होती. समोर आलेली गोष्ट नीट पाहायची, मोजायची आणि टिपून ठेवायची.

तांब्याची शिवराई हे तिचे नामी उदाहरण. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, कडेने टिंबांची माळ. नाणे साच्यापेक्षा लहान असल्यामुळे एखादे अक्षर हमखास कडेला तुटलेले. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘सीव’. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही नाणी बाजारातून मोडीत निघत होती. त्यात जुने तांबे यापलीकडे कोणाला काही दिसत नव्हते. ॲबटनी सुमारे 25,000 शिवराया डोळ्यांखालून घातल्या, अक्षरांच्या आणि खुणांच्या फरकावरून त्यांचे प्रकार लावले आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांवर अभ्यासलेख लिहिला. शिवराईच्या अभ्यासकाला आजही तिथून सुरुवात करावी लागते.

1910 साली ते निवृत्त होऊन मायदेशी गेले आणि न्यू जर्सीतल्या समिट या गावी स्थायिक झाले. इतर कोणी एवढ्यावर आठवणी लिहून समाधान मानले असते. ॲबटनी पुढची बावीस वर्षे मराठीला दिली.

लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीजमध्ये विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात त्यांना ‘ख्रिस्तपुराणा’ची देवनागरी हस्तलिखित प्रत आढळली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे हे ओवीबद्ध काव्य 1616 साली गोव्यात रायतूरला छापले गेले, पण रोमन लिपीत. तीनशे वर्षे वाचकांना तेच रूप ठाऊक होते. या प्रतीवरचा ॲबट यांचा लेख 1923 साली त्या संस्थेच्या बुलेटिनात आला. हीच मूळ संहिता, असे त्यांचे मत. ते पुढच्या सगळ्या अभ्यासकांनी मान्य केले नाही, पण ही प्रत बाजूला ठेवून ख्रिस्तपुराणाचा विचार करणे तेव्हापासून अशक्य झाले.

खरे मोठे काम त्यानंतरचे. ‘पोएट-सेंट्स ऑफ महाराष्ट्र’ ही इंग्रजी माला 1926 साली भानुदासांपासून सुरू झाली. पाठोपाठ एकनाथ, भिक्षुगीता, दासोपंत, बहिणाबाई, स्तोत्रमाला, तुकाराम आणि 1932 साली रामदास. बहुतेक चरित्रांचा आधार महिपती. ताहराबादचे, म्हणजे राहुरी तालुक्यातले, ॲबट यांच्या वडिलांच्या कार्यक्षेत्रातले संतचरित्रकार. तुकारामांचे चरित्र त्यांनी ‘भक्तलीलामृता’च्या 25 ते 40 या अध्यायांवरून घेतले, रामदासांचे ‘संतविजया’वरून.

1929च्या बहिणाबाईच्या खंडात, मूळ मजकूर जसाच्या तसा इंग्रजीत आणण्याच्या त्यांच्या पद्धतीचे बळ दिसते. तुकोबांना गुरू मानणारी ब्राह्मण घरातली ही बाई स्वतःची कथा स्वतःच सांगते: लहानपणी तीस वर्षांच्या बिजवराशी झालेले लग्न, कोल्हापुरातले कीर्तन, तिच्या मागे मागे फिरणारे कपिलेचे वासरू, त्यावरून नवऱ्याने केलेली मारहाण आणि शेवटी मुलाला सांगितलेले मागचे बारा जन्म. मिशनरी वाचकाला पुनर्जन्म पटणारा नव्हता. अनुवादकाने तो गाळला नाही आणि मारहाणही सौम्य केली नाही. हा खंड 1985 साली ॲन फेल्डहाउस यांच्या प्रस्तावनेसह पुन्हा निघाला.

मिशनरी संतांकडे का वळला, हा प्रश्न टाळता येत नाही. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे सांगत. तेव्हा ॲबट मुंबईच्याच मिशनमध्ये होते. ज्या लोकांत काम करायचे, त्यांची भक्ती आधी समजून घ्यावी, हा विचार त्या पिढीतल्या काही मिशनऱ्यांत मुरला होता आणि त्यामागे धर्मप्रसाराचा हेतू होताच. पण हेतू काहीही असला, तरी हाती आलेले काम मूळ पोथीशी इमान राखणारे आहे. त्याची किंमतही मोजावी लागली. ओवीची लय गेली, महिपतींचा गोडवा सपाट इंग्रजी गद्यात विरला. प्रेमळ वाचकालाही हे खंड कोरडे वाटतात.

जून 1932मध्ये ॲबट वारले. ‘भक्तिविजया’च्या 57 अध्यायांचा, पंडित नरहर गोडबोले यांच्यासह केलेला अनुवाद 1933 आणि 1934 साली दोन भागांत आला. ‘भक्तलीलामृता’चे उरलेले अध्याय 1935 साली, तेही जे. एफ. एडवर्ड्स यांच्या मदतीने पुरे होऊन. एडवर्ड्सनीच 1941 साली ज्ञानेश्वरांवरचा खंड लिहून माला पुढे नेली.

कर्जत-खालापूरच्या गावांत हरिनाम सप्ताह बसला, की कीर्तनकार गोरोबांची, जनाबाईची, चोखोबांची कथा सांगतो. तिचा धागा बहुधा महिपतींच्या ओवीतच सापडतो. परदेशातल्या विद्यापीठांत त्याच कथा शिकवणारे प्राध्यापक आजही ॲबट यांचे खंड चाळतात. ॲबट आपल्या श्रद्धेतून रेसभरही हलले नाहीत, आणि आपल्या संतांच्या तोंडी त्यांनी ती श्रद्धा घातलीही नाही. महाराष्ट्राने त्यांना धर्मोपदेशक म्हणून फारसे लक्षात ठेवले नाही, आणि त्यात अन्याय झाला असे म्हणवत नाही. लेण्यांच्या, नाण्यांच्या आणि संतचरित्रांच्या अभ्यासकांच्या तळटिपांत मात्र ते ठाण मांडून बसले आहेत. मिशनने त्यांना या कामासाठी पाठवले नव्हते; त्यांची सेवा मात्र याच कामामुळे टिकली.