इमारतींची ऊर्जा-कार्यक्षमता : तुलना व पूर्वानुमान

एखाद्या इमारतीतील ऊर्जाव्यय तिच्यासारख्या इतर इमारतींच्या व्ययाशी ताडून तिची प्रतवारी ठरविणे, तसेच हवामान व वापर यांवरून तिचा पुढील व्यय आधीच काढणे, या दोन परस्परपूरक पद्धती होत. दोहोंत ऊर्जा-निर्देशांक उपयोगी पडतो. वर्षभरात वापरलेल्या ऊर्जेला (किलोवॉट-तास) बांधीव क्षेत्रफळाने (चौ. मी.) भागले असता तो मिळतो.

भारतात २००१ च्या ऊर्जा संवर्धन अधिनियमानुसार २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला. त्याने २००९ मध्ये कार्यालयीन इमारतींसाठी तारांकन योजना सुरू केली. निम्म्याहून अधिक भाग वातानुकूलित असलेल्या इमारतीस पाच तारे मिळण्यासाठी निर्देशांक मुंबईसारख्या उष्ण-दमट प्रदेशात १०० पेक्षा, दिल्लीसारख्या संमिश्र हवामानात ९० पेक्षा व उष्ण-कोरड्या प्रदेशात ८० पेक्षा कमी असावा, असे त्या योजनेत ठरले. दमट हवेतील बाष्प काढून टाकण्यातच शीतकरण यंत्रणेची बरीच शक्ती खर्ची पडते.

क्षेत्रफळाने भागणे सोपे असले, तरी न्याय्य असतेच असे नाही. निम्मी रिकामी इमारत अशा गणनेत सहज उत्तम ठरते, तर तिन्ही पाळ्यांत गजबजलेली इमारत उधळी दिसते. म्हणूनच अहोरात्र चालणाऱ्या बीपीओ इमारतींसाठी ब्यूरोने ताशी निर्देशांक योजिला. अमेरिकेतील ‘एनर्जी स्टार’ पद्धतीत कामाचे तास, कर्मचारी, संगणक व हवामान यांचा परिणाम समाश्रयणाच्या गणिताने वेगळा काढून कार्यालयांना १ ते १०० गुण देतात; ७५ वा अधिक गुण असलेली इमारत प्रमाणपत्रास पात्र ठरते.

पूर्वानुमानाची सर्वांत साधी रीत अंश-दिवसांची. दैनिक सरासरी तापमान ठराविक आधार-तापमानाहून जितके अंश अधिक असेल, त्यांची बेरीज करून तिचा विजेच्या मासिक देयकांशी संबंध जोडतात. याहून गुंतागुंतीच्या रीतीही आहेत. ‘ॲश्रे’ या अभियंत्यांच्या संस्थेने १९९३ मध्ये घेतलेल्या पूर्वानुमान स्पर्धेत ब्रिटिश भौतिकीविज्ञ डेव्हिड मॅकाय हे चेताकोशिकांच्या जाळ्यावर बेतलेली गणनपद्धती वापरून पहिले आले.

नव्या इमारतीची देयके नसल्याने तिचा व्यय भिंती, काचा, दिवे व यंत्रे यांच्या गुणधर्मांवरून संगणकाने काढतात. प्रत्यक्ष व्यय पुष्कळदा याहून अधिक भरतो, कारण माणसे आराखड्याप्रमाणे वागत नाहीत व यंत्रांचे नियंत्रणही अनेकदा नीट बसविलेले नसते. जुन्या इमारतीत सुधारणा केल्यावर वेगळीच अडचण उभी राहते. वाचलेली वीज कोणत्याही मीटरवर नोंदली जात नाही. सुधारणा केली नसती तर किती वीज लागली असती, हे पूर्वानुमानाने काढून त्यातून मोजलेला व्यय वजा करावा लागतो. ज्या करारांत ठेकेदाराचे पैसे या वजाबाकीवर अवलंबून असतात, त्यांत आधारवर्ष कोणते धरावे, यावरच बहुधा वाद होतो.